ज्युनियर आइस हॉकीचा उन्हाळा: बातम्या, वावड्या आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या सुरुवातीपर्यंत मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर विजेतेपदाची स्पर्धा, आटोपतो आणि मग सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत कॅनडातल्या ज्युनियर रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) गुण मिळवून देणारा एकही सामना होत नाही. बातम्यांना मात्र याच महिन्यांत ऊत येतो. कोण परत येणार, कोण अमेरिकेतल्या कॉलेजात जाणार, कोणता संघ विकला जाणार, कोणाचा ट्रेड (संघासंघांतली खेळाडूंची अदलाबदल) ‘जवळजवळ झाला’. टोरोंटो, कॅल्गरी, व्हँकूवरकडची मराठी घरं आणि रात्र जागवून सामने बघणारे इकडचे काही हौशी लोक उन्हाळ्यात जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. एक धागा बहुतेक उत्तरांत सापडेल: बातमी वाचली की आधी विचारा, ही पसरल्याने फायदा कोणाचा?

ज्युनियर हॉकी म्हणजे नेमकी कोणती?

इथे आपण मुख्यतः कॅनेडियन हॉकी लीगबद्दल, म्हणजे सीएचएलबद्दल बोलतोय. तिच्या छत्राखाली तीन लीग आहेत: ऑन्टारिओची ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्वेबेक व अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांची क्यूएमजेएचएल. काही संघ सीमेपलीकडे अमेरिकेतही आहेत; ईरी, फ्लिंट आणि सॅगिनॉ हे ओएचएलचे, तर वायव्येकडचे एव्हरेट, सिएटल वगैरे डब्ल्यूएचएलचे. २०२५-२६ च्या हंगामात एकूण ६१ संघ.

खेळाडू साधारण १६ ते २० वर्षांचे. म्हणजे दहावी-अकरावीतल्या मुलापासून कॉलेज संपत आलेल्या तरुणापर्यंत सगळे एकाच ड्रेसिंग रूममध्ये. बहुतेक मुलं घरापासून दूर, ‘बिलेट’ कुटुंबाकडे राहतात. हे कुटुंब मुलाला खोली देतं, जेवू घालतं, शाळेच्या वेळा सांभाळतं. परगावी मावशीकडे राहून शिकलेल्या कोणालाही ही व्यवस्था चटकन कळेल. फरक इतकाच, की इथे मावशी संघ नेमून देतो.

उन्हाळ्यात नक्की घडतं काय? सामने तर नसतात.

एप्रिल ते जूनदरम्यान लीगचे स्वतःचे ड्राफ्ट होतात, म्हणजे संघ आळीपाळीने नवी मुलं निवडतात. डब्ल्यूएचएल त्या वर्षी १५ पूर्ण करणाऱ्या मुलांना निवडते, ओएचएल एक वर्ष मोठ्यांना. डब्ल्यूएचएलमधून आलेला कॉनर बेडार्ड आणि त्याच्याच वर्षी जन्मलेला ऑन्टारिओचा एखादा मुलगा वेगवेगळ्या वर्षी ‘ड्राफ्ट झाले’ असं वाचून लोक गोंधळतात, त्याचं कारण हेच. जूनच्या अखेरीस एनएचएलचा, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट. त्याच्या आगेमागे सीएचएलचा इम्पोर्ट, म्हणजे परदेशी खेळाडूंचा ड्राफ्ट. जुलैच्या सुरुवातीला एनएचएल संघांचे डेव्हलपमेंट कॅम्प, ऑगस्टमध्ये १८ वर्षांखालील मुलांचा ह्लिंका ग्रेट्स्की कप, ऑगस्टच्या अखेरीस ज्युनियर संघांचे ट्रेनिंग कॅम्प आणि मग सराव सामने.

जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्टचा मध्य हा खरा कोरडा काळ. अधिकृत फारसं काही घडत नाही आणि लिहिणाऱ्यांना रोज काहीतरी लिहायचं असतं. या पाच आठवड्यांतली बातमी दुप्पट चिकित्सेने वाचावी.

हा सगळा गोंधळ अचानक २०२४ नंतरच का वाढला?

७ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतल्या एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेच्या, डिव्हिजन वन कौन्सिलने एक निर्णय घेतला: सीएचएलमध्ये खेळलेली मुलंही १ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकी कॉलेजांच्या संघांतून खेळू शकतील, अट एवढीच, की प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त पैसे त्यांनी घेतलेले नसावेत.

त्याआधी ही दारं कडेकोट बंद होती. सीएचएलमध्ये खेळाडूला महिन्याकाठी थोडा हातखर्च मिळतो आणि काही खेळाडूंनी एनएचएल संघांशी करार केलेले असतात. म्हणून एनसीएए या लीगनाच व्यावसायिक समजत असे. सीएचएलच्या बर्फावर एखादा सराव सामना खेळलेल्या मुलाचीही कॉलेजची वाट अडचणीत यायची. १६ व्या वर्षी घरात बसून ठरवायला लागायचं, ज्युनियर की कॉलेज, आणि तो निर्णय फिरवणं जवळपास अशक्य. ऑगस्ट २०२४ मध्ये या नियमाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. सप्टेंबरमध्ये रेजायना पॅट्सच्या ब्रॅक्स्टन व्हाइटहेडने दरवाजा उघडण्याआधीच ॲरिझोना स्टेटला जाणार असल्याचं जाहीर करून टाकलं. नोव्हेंबरात तो नियम कोसळला.

परिणाम असा, की पूर्वी उन्हाळ्यात प्रश्न असायचा ‘कोणता संघ मजबूत होईल?’ आता प्रश्न असतो ‘कोणता मुलगा परत येईल?’ आणि त्याचं उत्तर लीगच्या हातात नाही. मुलगा, त्याचे आईवडील, एजंट आणि कॉलेजचा प्रशिक्षक, इतक्या लोकांच्या डोक्यात काय चाललंय यावर ते अवलंबून. अफवा तिथेच पिकते.

गॅव्हिन मॅकेनाच्या प्रकरणात नेमकं काय झालं?

यूकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा हा मुलगा मेडिसिन हॅट टायगर्सकडून खेळत होता. २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत ४१ गोल आणि ८८ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला मदत), एकूण १२९ गुण. त्या वर्षीचा सीएचएलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. टायगर्सनी डब्ल्यूएचएल जिंकली आणि रिमूस्कीला झालेल्या मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात लंडन नाइट्सकडून ते हरले. त्यानंतर महिनाभर एकच विषय: हा राहतो की जातो?

८ जुलै २०२५ ला त्याने टीव्हीवर जाहीर केलं, की तो पेन स्टेटला जातोय. शेवटपर्यंत शर्यतीत असलेलं दुसरं कॉलेज मिशिगन स्टेट. बातम्यांत पैशांचे मोठमोठे आकडे फिरले. कॉलेजच्या खेळाडूंना आता नाव, चेहरा आणि प्रसिद्धीच्या मोबदल्यात पैसे घेता येतात, त्याला तिकडे एनआयएल म्हणतात. असा आकडा छापून आला, तरी करार कोणी जाहीर करत नसतं, हे ध्यानात ठेवा. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला विद्यार्थी-व्हिसावर अमेरिकेत काम करून कमावण्यावर बंधनं असतात. ही गोष्ट मराठी पालकांना कोणी वेगळी समजावायची गरज नाही. कॅनडाचा मुलगाही अमेरिकेत परदेशीच.

लोकांनी या निर्णयाला गद्दारीपर्यंतचे शब्द वापरले. मला ते पटत नाही. ज्या लीगमध्ये तो सर्वोत्तम ठरला होता, तिथेच अजून एक वर्ष १६-१७ वर्षांच्या पोरांविरुद्ध गुण गोळा करण्यापेक्षा २२-२३ वर्षांच्या दांडगट खेळाडूंविरुद्ध उतरणं हा खेळाच्या दृष्टीनेही समजण्यासारखा निर्णय होता. मेडिसिन हॅटसारख्या छोट्या शहराचं नुकसान झालं, हेही तितकंच खरं. केडन लिंडस्ट्रॉम हा त्यांचा आणखी एक मोठा खेळाडू, २०२४ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये चौथा निवडलेला. तोही त्याच उन्हाळ्यात मिशिगन स्टेटला गेला.

मग ज्युनियर लीग ओस पडणार का?

नाही. वाहतूक दोन्ही बाजूंनी आहे, आणि ही गोष्ट बातम्यांमध्ये नेहमी मागे पडते, कारण जाणारा मुलगा प्रसिद्ध असतो आणि येणारा अजून कोणाला माहीत नसतो.

पूर्वी ज्याला कॉलेज हवं होतं, तो १६ व्या वर्षी सीएचएल टाळून अमेरिकेच्या यूएसएचएलमध्ये किंवा ब्रिटिश कोलंबियाच्या बीसीएचएलमध्ये जायचा. आता त्याला टाळायचं काही कारण उरलं नाही. दोन वर्षं सीएचएलमध्ये खेळून पुढे कॉलेजला जाता येतं. म्हणजे १६-१७ वर्षांच्या मुलांचा दर्जा वर जाणार आणि १८-१९ च्या वयातली अगदी वरची साय निघून जाणार. खरा फटका बसला तो मधल्या पायरीवरच्या लीगना. पेंटिक्टन व्हीज हा बीसीएचएलचा सर्वांत दणकट संघ २०२५-२६ पासून थेट डब्ल्यूएचएलमध्ये आला, यातच सगळं आलं.

‘कमिटेड’ आणि ‘साइन्ड’ यांत फरक काय?

फार मोठा. संघाने किंवा लीगने ‘करारावर सही झाली’ असं कळवलं, तर तो दस्तऐवज. त्यात शिक्षणाच्या पैशांपासून सगळं लिहिलेलं असतं. ‘कमिटेड’ म्हणजे मुलाने दिलेला शब्द. शब्द बदलतो, प्रशिक्षक बदलला, कॉलेजात जागा भरली, मार्क कमी पडले किंवा मुलगा एनएचएल कॅम्पमध्ये अपेक्षेपेक्षा चांगला खेळला, की बदलतो. त्यात काही वावगंही नाही.

तिसरा प्रकार ‘कळतंय की’ आणि ‘सूत्रांनुसार’. सोयरीक ठरली, साखरपुडा झाला की नुसतं स्थळ सांगून आलंय, हे आपल्याकडे लोक बरोब्बर वेगळं करतात. इथेही तेवढीच काळजी घेतली तर निम्मा मनस्ताप वाचेल. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, असं करून जुलैत पुढच्या हंगामाचा संघ जुळवणारे लोक दरवर्षी ऑक्टोबरात गप्प होतात.

आमच्या संघाने ड्राफ्टमध्ये मोठं नाव घेतलं. तो येईलच ना?

ड्राफ्टने हक्क मिळतो, मुलगा मिळत नाही. संघाने निवडलं म्हणजे त्या लीगमधल्या इतर संघांना त्याच्याशी बोलायला बंदी, एवढाच अर्थ.

यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुढे एनएचएलचा तारा झालेल्या एरिक लिंड्रॉसचं. १९८९ मध्ये सू सेंट मरी ग्रेहाउंड्सनी त्याला पहिला निवडला. तो आलाच नाही. डिसेंबरात त्याचे हक्क ओशावा जनरल्सकडे गेले आणि १९९० मध्ये ओशावाने मेमोरियल कप जिंकला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी लोक सांगतात: १९९१ मध्ये ओएचएलच्या अंतिम फेरीत ग्रेहाउंड्सनी त्याच ओशावाला हरवून विजेतेपद घेतलं. नकार मिळालेला संघ रडत बसला नव्हता. मुलाच्या बदल्यात त्याने भरपूर काही वसूल केलं होतं.

आजही हा खेळ तसाच चालतो. एजंट आधीच सांगून ठेवतो, ‘अमुक दोन संघ सोडून कुठे येणार नाही’. त्यामुळे गुणवत्तेत पाचवा असलेला मुलगा पंधराव्या क्रमांकावर घसरतो आणि नेमक्या श्रीमंत, नावाजलेल्या संघाच्या झोळीत पडतो. ‘मुलगा कॉलेजचा विचार करतोय’ अशी बातमी ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात आली, तर ती बातमी नसून बहुधा इशारा असतो. ओएचएलमध्ये पहिल्या फेरीतला मुलगा न आल्यास संघाला पुढच्या वर्षी भरपाईची निवड मिळण्याची सोय आहे, ती या खेळामुळेच.

१५ व्या वर्षी खेळणारा मुलगा म्हणजे काय प्रकार?

त्याला ‘एक्सेप्शनल स्टेटस’ म्हणतात. असामान्य मुलाला एक वर्ष आधी पूर्ण हंगाम खेळायची परवानगी. पहिला जॉन टव्हारेस, २००५ मध्ये. त्यानंतर ॲरन एकब्लॅड, कॉनर मॅकडेव्हिड, शॉन डे, जो व्हेलेनो, शेन राइट, कॉनर बेडार्ड, मायकेल मिसा, आणि २०२४ मध्ये एव्हरेट सिल्व्हरटिप्सचा बचावपटू लँडन ड्युपाँट. डब्ल्यूएचएलमध्ये बेडार्ड पहिला, ड्युपाँट दुसरा.

यादी पुन्हा वाचा. पुढे एनएचएलचा तारा झालेला मॅकडेव्हिड आहे, तसा शॉन डेही आहे. तो एनएचएल ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला आणि वरच्या लीगमध्ये त्याचा जम बसला नाही. म्हणून दर वसंतात ‘पुढचा मॅकडेव्हिड’ सापडला की मी त्या मुलाचं वय पाहतो. चौदा. मग पान उलटतो.

इम्पोर्ट ड्राफ्टमध्ये निवडलेले युरोपियन खेळाडू नक्की येतात का?

बरेचसे येत नाहीत. हा दूरस्थ पद्धतीने होणारा ड्राफ्ट आहे आणि प्रत्येक संघाला मोजकेच परदेशी खेळाडू ठेवता येतात. मुलाचा मायदेशातल्या क्लबशी करार असतो, शाळा असते, कधी राष्ट्रीय संघाच्या योजना असतात. अनुभवी जीएम (संघाचा जनरल मॅनेजर) आधी एजंटशी बोलून घेतो आणि मगच नाव पुकारतो. नवखा संघ मोठं नाव घेतो आणि ऑगस्टभर विमानतळाकडे डोळे लावून बसतो.

नियमही मधूनमधून बदलतात. २०१३ मध्ये ठरलं, की परदेशी गोलकीपर घ्यायचे नाहीत. २०१८ मध्ये ती बंदी उठली. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना युक्रेन युद्धामुळे २०२२ आणि २०२३ च्या ड्राफ्टमधून वगळलं, २०२४ मध्ये पुन्हा घेतलं. त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या लेखावर विसंबून नियम सांगणाऱ्याचं ऐकू नका.

‘ओव्हरएज’ खेळाडूंवरून एवढी चर्चा का?

कारण संघाला २० वर्षांचे तीनच खेळाडू ठेवता येतात. जन्मवर्ष धरतात, २०२५-२६ साठी २००५ साली जन्मलेले. पाच जण परत येण्याच्या तयारीत असतील तर दोघांना जावंच लागतं, आणि ते बहुधा संघासाठी तीन-चार वर्षं राबलेले असतात. उन्हाळ्यातल्या किरकोळ वाटणाऱ्या ट्रेडपैकी बरेच याच गणितातून येतात. ‘सातव्या फेरीच्या निवडीसाठी कर्णधार दिला!’ म्हणून ओरडण्याआधी त्याचं वय पाहा.

एनएचएलने निवडलेला मुलगा ज्युनियरमध्ये परत का येतो?

कारण मधली पायरी त्याला बंद होती. एनएचएल आणि सीएचएलमधल्या करारानुसार सीएचएलमधून निवडलेला १८-१९ वर्षांचा मुलगा एकतर एनएचएलमध्ये खेळतो, नाहीतर ज्युनियर संघात परततो. एनएचएलखालच्या एएचएलमध्ये त्याला २०२५-२६ पर्यंत पूर्ण हंगामासाठी पाठवता येत नव्हतं. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्युनियर चाहते एनएचएलच्या सराव सामन्यांकडे विचित्र नजरेने पाहतात: आपला पोरगा चांगला खेळावा, पण इतकाही नको.

नऊ सामन्यांची गोष्टही इथलीच. १८-१९ वर्षांच्या खेळाडूने एनएचएलमध्ये दहा सामने खेळले, की त्याच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं. म्हणून नववा सामना झाला की निर्णय होतो. मॅथ्यू शेफरबद्दल २०२५ मध्ये ही चर्चा फार टिकली नाही. ईरी ऑटर्सचा हा बचावपटू न्यूयॉर्क आयलँडर्सनी पहिला निवडला आणि तो थेट वरच राहिला.

२०२५ च्या उन्हाळ्यात एनएचएल आणि तिच्या खेळाडू संघटनेत नव्या कराराची जी बोलणी पक्की झाली, तिच्यात प्रत्येक एनएचएल संघाला १९ वर्षांचा एक ज्युनियर खेळाडू एएचएलमध्ये ठेवता यावा, अशी तरतूद आहे. करार सप्टेंबर २०२६ पासूनचा. ज्युनियर संघांना हा दुसरा चिमटा: एका बाजूने कॉलेज, दुसऱ्या बाजूने एएचएल. ‘१९ व्या वर्षी तो परत येईलच’ हे गृहीत धरून जानेवारीत ट्रेड करणाऱ्या जीएमला आता रात्री झोप कशी लागते, देव जाणे.

मॅकेना आणि शेफर दोघेही २००७ चे. मग एकाचा ड्राफ्ट २०२५ ला आणि दुसऱ्याचा २०२६ ला कसा?

१५ सप्टेंबरची रेघ. त्या तारखेपर्यंत १८ पूर्ण होत असतील तरच त्या वर्षीच्या एनएचएल ड्राफ्टसाठी पात्र. शेफरचा जन्म ५ सप्टेंबरचा, मॅकेनाचा २० डिसेंबरचा. शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारखेने घातलेले घोळ आठवा.

परवा जिंकलेला संघ उन्हाळ्यात अचानक विस्कटतो, हे कसं?

ज्युनियर संघ चक्राने चालतो. दोन वर्षं मुलं जमवायची, तिसऱ्या-चौथ्या वर्षी जिंकायचं, मग पुन्हा पेरणी. जानेवारीत ट्रेडची मुदत संपण्याआधी जिंकू पाहणारे संघ पुढच्या चार-पाच वर्षांच्या निवडी देऊन एखादा १९ वर्षांचा खेळाडू आणतात. आवळा देऊन कोहळा काढला असं तेव्हा वाटतं. जूनमध्ये कोहळा व्यावसायिक लीगमध्ये निघून जातो आणि आवळेही गेलेले असतात.

मेमोरियल कपच्या यजमानावर हा दबाव सर्वांत जास्त. स्पर्धेत चारच संघ: तीन लीगचे विजेते आणि यजमान. यजमानाला थेट प्रवेश असल्यामुळे घरच्या प्रेक्षकांसमोर नाचक्की नको म्हणून तो वर्षभर आधीपासून खरेदीला लागतो. केलोनाला २०२० ची स्पर्धा मिळाली होती, कोविडने ती रद्द झाली, आणि मग २०२६ चं यजमानपद आलं. तिथल्या प्रत्येक ट्रेडच्या वावडीला एवढं वजन का यायचं, ते यावरून कळेल. २०२४ मध्ये सॅगिनॉने यजमान म्हणून कप जिंकलाही, लंडनला हरवून. लंडन मात्र पुढच्याच वर्षी परत आलं आणि जिंकलं. या एका संघाला चक्राचा नियम लागू पडत नाही. तिथे हंटर बंधूंचा कारभार आहे आणि मुलं आपणहून तिकडे जायला बघतात.

‘संघ शहर सोडणार’ ही अफवा कशी ओळखायची?

खेळाडूंच्या अफवांपेक्षा या बऱ्याचदा खऱ्या निघतात, कारण त्यांच्यामागे कागद असतात. तीन गोष्टी पाहा: रिंकचा भाडेकरार कधी संपतो, मालक विकायच्या विचारात आहे का, आणि नगरपालिकेच्या बैठकीत नव्या रिंकचा विषय पुढे सरकतो की दरवेळी पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

विनिपेग आइसचं प्रकरण यासाठी अभ्यासण्यासारखं. हा संघ २०१९ मध्ये कूटनीहून, म्हणजे क्रॅनब्रुकहून विनिपेगला आला. नवं रिंक बांधायचं होतं. ते झालं नाही आणि संघ विद्यापीठाच्या एका छोट्या रिंकमध्ये खेळत राहिला. २०२३ मध्ये संघ डब्ल्यूएचएलच्या अंतिम फेरीत पोहोचला, म्हणजे बर्फावर सगळं उत्तम. जूनमध्ये विकला गेला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅचीला गेला. गुणतक्ता बघणाऱ्यांना धक्का बसला. रिंककडे बघणाऱ्यांना नाही.

अकॅडी-बॅथर्स्ट टायटनचं दुःख वेगळं. १९९८ पासून न्यू ब्रन्सविकच्या त्या लहानशा गावात संघ होता, २०१८ मध्ये त्यांनी मेमोरियल कपही जिंकला. तरी गाव लहान ते लहानच. संघ विकला गेला आणि २०२५-२६ पासून सेंट जॉन्सला न्यूफाउंडलंड रेजिमेंट म्हणून खेळू लागला.

ब्रॅम्प्टनचा संघ आपलाच धरायचा का?

टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांकडून हा प्रश्न येतो, कारण मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमध्ये भारतीय वस्ती मोठी आणि तिकीट एनएचएलच्या मानाने खिशाला परवडणारं. मिसिसागा स्टीलहेड्स २०२४-२५ पासून ब्रॅम्प्टनला आले. त्या रिंकमध्ये आधी १९९८ ते २०१३ बटालियन हा ओएचएलचा संघ खेळायचा. तो नॉर्थ बेला गेला.

स्टीलहेड्सनाही नव्या नियमाची झळ लगेच लागली. कर्णधार पोर्टर मार्टोन २०२५ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने सहावा निवडला, आणि परत ब्रॅम्प्टनला येण्याऐवजी तो मिशिगन स्टेटला गेला. मुलांना घेऊन सामना बघायला नक्की जा. ऑगस्टच्या आत कोणाच्या नावाचा जर्सी मात्र विकत घेऊ नका.

शिक्षणाचं काय? कॉलेजला गेला तर ज्युनियरचे पैसे बुडतात का?

सीएचएलचा संघ खेळाडूला शिक्षणाचं पॅकेज देतो; साधारण हिशेब असा, की एक हंगाम खेळला तर एका शैक्षणिक वर्षाची फी आणि पुस्तकं. बहुतेक मुलं ते कॅनडातल्या विद्यापीठांत वापरतात. बारीक अटी करारागणिक वेगळ्या असतात, विशेषतः मुलगा व्यावसायिक हॉकीकडे वळला आणि काही काळाने शिकायला परतला तर किती मुदतीत पैसे मिळतात, ही अट. तुमच्या घरात असा करार आला असेल, तर गोलांच्या आकड्यांआधी तेच कलम वाचा. एनएचएलपर्यंत पोहोचणारे थोडे. फी सगळ्यांनाच भरावी लागते.

भारतीय वंशाची मुलं या वाटेने गेली आहेत का?

हो, आणि बहुतेक ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरांतली. रॉबिन बावा कॅमलूप्सहून पुढे १९८९-९० मध्ये एनएचएलमध्ये खेळला, भारतीय वंशाचा पहिला. मॅनी मल्होत्रा ग्वेल्फ स्टॉर्मकडून खेळून १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला. सरेचा जुझार खैरा आधी मिशिगन टेकला कॉलेज हॉकी खेळला आणि मग एव्हरेटला ज्युनियरमध्ये आला. म्हणजे आजच्या वाटेच्या बरोब्बर उलट.

माझा आवडता अर्शदीप बैंस. त्याला एनएचएल ड्राफ्टमध्ये कोणीच निवडलं नाही. २०२१-२२ मध्ये, ओव्हरएजच्या वर्षी, रेड डिअर रेबेल्सकडून ११२ गुणांसह तो अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला आणि व्हँकूवर कनक्सनी त्याला करारबद्ध केलं. १५ व्या वर्षी मागे पडलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे नाव सांगत जा.

मुलींसाठी ही वाट आहे का?

जवळपास नाही. गोलकीपर शार्लीन लाबाँते १९९९ च्या सुमारास वर उल्लेखलेल्या अकॅडी-बॅथर्स्टकडून खेळली. २०२१ मध्ये टाया करी ही ओएचएलने निवडलेली पहिली मुलगी, २०२२ मध्ये क्लोई प्रिमेरानो डब्ल्यूएचएलने निवडली. मुलींचा राजमार्ग कॉलेज आणि मग २०२४ मध्ये सुरू झालेली पीडब्ल्यूएचएल, म्हणजे महिलांची व्यावसायिक लीग. त्यांच्या ड्राफ्टच्या बातम्या जूनमध्येच येतात आणि पुरुषांच्या गदारोळात दबतात.

अफवा पुढे पाठवाव्या का?

ट्रेडच्या, रिंकच्या, प्रशिक्षकांच्या गप्पा खुशाल मारा. सोळा वर्षांच्या मुलाच्या दुखापतीबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल किंवा ‘त्याला संघाने का काढलं’ याबद्दल ऐकलेलं पुढे ढकलू नका. तो त्या गावात एका बिलेट कुटुंबाकडे राहतो, तिथल्याच शाळेत जातो आणि फोन त्याच्याही हातात असतो.

भारतातून सामने बघायचे तर किती वाजता उठावं लागेल?

ऑन्टारिओत संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पहाटे साडेचारला आणि तिकडची घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की साडेपाचला सुरू होतो. अल्बर्टातला सातचा सामना हिवाळ्यात सकाळी साडेसातला, म्हणजे चहासोबत. ऑगस्टअखेरच्या सराव सामन्यांसाठी गजर लावू नका. निम्मे खेळाडू कॅम्पमधून घरी जाणारे असतात. पहिला गजर सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आणि आपला खेळाडू एनएचएल कॅम्पमधून परत आला की नाही ते पाहून.